सोमवारी सकाळी बघून या

माझ्या वयाच्या आईबाबांशी आज मला थोडं बोलायचं आहे. ज्यांचं लेकरू घरातल्याच एका खोलीत दार लोटून रात्री दोन-अडीचपर्यंत लॅपटॉपसमोर बसतं, "मुलगी काय करते?" या प्रश्नाला ज्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि ज्यांच्या घरी जेवताना कधीतरी "मी बाहेरच्या देशात जाऊन राहावं म्हणते" हे वाक्य कानावर पडलं आहे, त्यांच्याशी.

माझी लेक वेबसाइट आणि ॲपचं डिझाइन करते. तिला कंपनी नाही, साहेब नाही, महिन्याच्या एक तारखेचा पगार नाही. क्लायंट आहेत, बहुतेक अमेरिकेतले. एखाद्या महिन्यात तीन लाख येतात, मग दोन महिने मिळून लाखही होत नाही. आम्ही भाईंदर पूर्वेला वन बीएचकेत राहतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे सगळं घर दिवसाचा पसारा आवरायला लागतं तेव्हा तिचं ऑफिस सुरू होतं. ती बेडरूममध्ये, आम्ही दोघं हॉलमध्ये गादी टाकून. रात्री एक वाजता तिचं हलक्या आवाजातलं इंग्रजी भिंतीपलीकडून ऐकू येतं. सकाळी सोसायटीत ढोल, रस्त्यात खोदकाम, नाहीतर वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन. तिची झोप कधी पुरी होतच नाही. डोळ्यांखाली काळं आलं ते मला दिसत होतं. तरीही ती "बाहेर जाते" म्हणाली तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? "लग्नाचं काय?"

तुम्हीही हेच विचारलं असेल, तर तुमच्यावर रागवायला मी आलेले नाही. आपल्या पोटातली भीती आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांतूनच बाहेर पडते.

ती चिडली नाही. गप्प बसून जेवली आणि खोलीत गेली. मग दोन-तीन आठवड्यांनी तिने मला विचारलं, "आई, तुम्ही भाईंदरच का घेतलंत? बोरिवली का नाही, डोंबिवली का नाही?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सांगता सांगता मला सगळं आठवलं. १९८९ साल. आम्ही लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. ह्यांच्या पगारात बोरिवली बसत नव्हती. भाईंदरला तेव्हा नगरपरिषद होऊन चारच वर्षं झाली होती; महानगरपालिका व्हायला २००२ उजाडायचं होतं. गाडीतून मिठागरं दिसायची, पावसाळ्यात चिखल, पाणी टँकरने, तेही कधी रात्री. नातेवाईक विचारायचे, "भाईंदर? म्हणजे खाडीच्या अलीकडे की पलीकडे?" आम्ही एका रविवारी जागा बघायला गेलो. हवा मोकळी, रस्ते रिकामे, बिल्डरच्या माणसाने चहा पाजला. मला घर आवडलं. परत आल्यावर चाळीतले एक काका ह्यांना म्हणाले, "रविवारी कशाला गेलात? सोमवारी सकाळी आठ वाजता जा. फलाटावर उभे राहा. गाडीत चढता येतंय का बघा. मग नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईला विचारा, बिल्डरला नव्हे."

हे सोमवारी गेले. विरारहून भरून आलेली गाडी, दारात उभी माणसं, आणि भाईंदरच्या माणसाला आत शिरू न देण्याची त्यांची शर्थ. दुसरी गाडीही तशीच गेली. मग ह्यांना कळलं की भाईंदरहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांच्या वेळा धरूनच घरातून निघावं लागेल. ते त्यांनी लिहून आणलं. पाण्याचं विचारलं. स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते घड्याळ लावून मोजलं. आणि मग घर घेतलं. त्रास झाला, पण फसलो नाही, कारण जो त्रास होणार होता तो आधी बघितला होता.

लेक म्हणाली, "मग मलाही तेच करायचंय ना!"

त्या दिवसापासून आम्ही दोघी कामाला लागलो. मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं आहे, अभ्यास करायचा कसा ते मला येतं. त्या अभ्यासातलं जे तुमच्या उपयोगाचं आहे ते सांगते, आणि मग माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला जड जातं.

पहिली गोष्ट अशी की मुलं ज्या व्हिडिओंवरून देश निवडतात, त्यातले बरेचसे आपल्यासाठी बनलेलेच नसतात. बोलणाऱ्याच्या खिशात अमेरिकेचा किंवा युरोपचा पासपोर्ट असतो. नेदरलँड्समध्ये थोड्या भांडवलावर स्वतःचा धंदा काढून राहता येतं, असं माझ्या लेकीने मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. ती सवलत १९५६ च्या डच-अमेरिकन मैत्री करारातून आलेली, अमेरिकन नागरिकांसाठी. जपानने २०२४ च्या मार्चअखेर ऑनलाइन काम करणाऱ्यांना सहा महिन्यांचा व्हिसा सुरू केला, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच, आणि त्या यादीत भारत नाही. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी तर आपल्या मुलांना हमखास चकवते. डिसेंबर २०१४ पासून ती आहे, त्या कार्डावर घरबसल्या तिथे कंपनी काढता येते. पण नावात रेसिडेन्सी असली तरी त्या कार्डावर एस्टोनियात राहता येत नाही, राहण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. म्हणून मुलाने कुठल्याही देशाचं नाव घेतलं की एकच विचारा: "आपल्या पासपोर्टावर? कुठल्या कागदावर राहणार तू तिथे?" त्याला उत्तर देता आलं तर त्याने अभ्यास केला आहे. "सगळे टुरिस्ट व्हिसावरच काम करतात गं," असं उत्तर आलं, तर तिथे मात्र ठाम राहा. पर्यटक म्हणून शिरून काम करत राहणं अनेक देशांत बेकायदा आहे. न्यूझीलंडने जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना परदेशातल्या मालकाचं काम करायची मुभा दिली, तशी मुभा जिथे लिहून दिलेली आहे तिथेच. एकदा परत पाठवल्याचा शिक्का बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो सांगावा लागतो.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि हिच्यावर मुलं आपल्याशी खरं बोलत नाहीत. बहुतेक देश दरमहा अमुक इतकी कमाई दाखवा म्हणतात. पोर्तुगालचा असा व्हिसा ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाला. तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मिळकत दाखवावी लागते. २०२५ च्या हिशेबाने ती महिन्याला ३,४८० युरो होत होती, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये. स्पेनने २०२३ मध्ये दार उघडलं, तिथे किमान वेतनाच्या दुप्पट. दुबईच्या एक वर्षाच्या व्हिसाला महिन्याला ३,५०० डॉलर. मलेशियाच्या योजनेत संगणक क्षेत्रातल्यांना वर्षाला २४,००० डॉलर. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण बँकेत पाच लाख बाथ दिसायला हवेत. मॉरिशसच्या प्रीमियम व्हिसाला महिन्याला १,५०० डॉलर. हे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघायचे.

हे आकडे कागदावर लिहून आम्ही तिची गेल्या दोन वर्षांची बँकेची पानं समोर घेतली. लिस्बनचा ट्राम असलेला फोटो तिने वर्षभर लॅपटॉपवर लावला होता. हिशेब झाला आणि ती बराच वेळ बोलली नाही. सरासरी काढली तर पोर्तुगाल तिच्या कमाईत बसत नव्हतं. बोरिवली आमच्या पगारात बसत नव्हती तसंच. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला आणि मी फिरवला. "बघ, मी सांगत होते," हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं याचं मला आजही समाधान आहे.

इथे थोडं कराबद्दल सांगते, कारण "तिकडे टॅक्स नाही" हे मुलांचं आवडतं वाक्य. एका आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलं तर माणूस इथला निवासी ठरतो आणि जगभरातली कमाई इथे दाखवावी लागते. तिकडच्या देशांतही बहुधा १८३ दिवसांची अशीच मोजणी असते. नव्वदहून अधिक देशांशी आपले दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर पडू नये अशी सोय आहे, पण ती आपोआप मिळत नाही. कागद दाखवून मागावी लागते. कायमचं जायचं ठरलं की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावं लागतं. चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवीन उघडता येत नाही. हे सगळं ओळखीच्या सीएसमोर बसून एकदा विचारून घ्या, आणि मुलासोबत तुम्हीही जा. आणि मेडिक्लेम. आपला इथला मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतातल्याच उपचारांना लागू असतो, म्हणून मुलं तो बंद करायला निघतात. करू देऊ नका. आजारी माणूस शेवटी घरीच येतो, आणि मध्ये खंड पडला की जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याची भीती असते. तिकडचा विमा वेगळा घ्यायचा, इथलाही ठेवायचा.

या सगळ्यात मला सगळ्यांत मोलाची वाटली ती घड्याळाची गोष्ट. लेक आधी म्हणायची की देश बदलला की रात्रीची जाग्रणं संपतील. आम्ही वेळा मांडल्या. लिस्बनला न्यूयॉर्कपेक्षा घड्याळ पाच तास पुढे, म्हणजे दुपारी दोनला काम सुरू, रात्री दहाला बंद. तिथून खरंच सुटका होती. मलेशियाचं घड्याळ आपल्याही अडीच तास पुढे, तिथे अमेरिकेचं काम करायचं म्हणजे आणखी उशिरा झोपायचं. दुबई आणि मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. अमेरिकेच्या कामासाठी फरक पडतो, पण तेवढाच, दीड तासाचा. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या झोपेची गाठ देशाशी जेवढी आहे त्याहून जास्त क्लायंटशी आहे. मॉरिशसहून जर्मनी-फ्रान्सचं घड्याळ उन्हाळ्यात दोन तास मागे आणि हिवाळ्यात तीन तास. तिने सहा महिने खपून युरोपमधले दोन क्लायंट मिळवले आणि रात्रीची सगळ्यांत त्रासाची दोन कामं सोडली. ती अजून भाईंदरलाच होती, पण रात्री अकराला झोपू लागली. मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगते, मुलाला विमानाचं तिकीट काढण्याआधी हे करायला लावा. पुष्कळांना नको असतो तो देश नसतोच, नको असतं ते वेळापत्रक. वेळापत्रक इथे सुधारल्यावरही जावंसं वाटलं, तर त्या वाटण्यात पळून जाणं नसतं.

तिला जावंसं वाटलंच. मग आमचं सोमवार सकाळचं काम सुरू झालं. जागा तिच्या चांगल्या दिवसांत बघायची नाही, वाईट दिवसांत बघायची, किंवा निदान वाईट दिवसांची खबर काढायची. चिआंग माय हे थायलंडमधलं शहर ऑनलाइन काम करणाऱ्यांचं मोठं ठाणं आहे. फोटो बघितले की वाटतं आजच निघावं. पण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, धूर शहरावर बसतो, आणि माझ्या लेकीला लहानपणापासून दम्याचा त्रास. दुबई जानेवारीत बघून ठरवू नये, ऑगस्टमध्ये बघावी. मॉरिशसला नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या. हे तिने स्वतःहून शोधून मला दाखवलं. ज्या मुलीने मला वादळाचा व्हिडिओ आणून दाखवला, तिच्या निवडीवर मी विश्वास टाकू शकले.

आता एक अवघड गोष्ट बोलते. आपल्या शहरात गेल्या काही वर्षांत भाषेवरून किती कडवटपणा आला ते आपण पाहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावर मोर्चा निघाला, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण मनाने त्यात होते. मीही होते. इथे वर्षानुवर्षं राहून भाजीवालीशी दोन वाक्यं मराठी बोलू नये, याचं मला वाईट वाटतं. मग लिस्बन-बार्सिलोनाच्या माणसाला काय वाटत असेल? बाहेरून डॉलर-युरो कमावणारे येतात, घरभाडी वाढतात, आणि तिथे जन्मलेल्या पोरांना शहराबाहेर जावं लागतं. बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचे परवाने संपवायचं ठरवलं आहे, ते उगाच नाही. आपल्या लेकराला जायचं असेल तर त्याने जावं, पण तिथली भाषा शिकत जावं, तिथला कर भरावा, चार महिन्यांनी तरी शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावं. हे आपण आईबापांनीच मुलांना सांगायला हवं. इथे जी अपेक्षा आपण दुसऱ्याच्या मुलाकडून ठेवतो, ती तिथे आपल्या मुलाकडून ठेवायला नको? माझी लेक आता फ्रेंच आणि थोडी क्रिओल शिकते आहे. पहाटे चहा टाकताना तिचे उच्चार ऐकू येतात.

तर निवड मॉरिशसवर आली. कमाईत बसत होतं, मुंबईहून सुमारे सहा-साडेसहा तासांचं थेट विमान, घड्याळ जवळचं. आणखी एक कारण होतं, जे यादीत नव्हतं. मीच तिला सांगितलं. १८३४ पासून आपल्याकडची माणसं गिरमिटिया म्हणून तिथे उसाच्या मळ्यांत नेली गेली, त्यांत मुंबई बंदरातून चढलेली, कोकणातली मराठी माणसंही होती. ती ज्या पायऱ्यांवर उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांची पोरंबाळं आज घरी क्रिओल बोलतात, पण शाळांत मराठी शिकवली जाते, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या लेकीच्या हातात लॅपटॉप आहे आणि परतीचं तिकीट आहे. त्या माणसांच्या हातात करारावरचा अंगठा होता. दोन्ही जाण्यांची तुलना मी करणार नाही. पण कुठेतरी आपली माणसं आधी जाऊन पोहोचली आहेत, एवढ्याने मला रात्री झोप लागते. त्या प्रीमियम व्हिसाची अटही साधी आहे: कमाई मॉरिशसबाहेरून यायला हवी, तिथल्या कुणाची नोकरी घ्यायची नाही. मुदत एक वर्ष, पुढे वाढवता येते. तिने एकच वर्ष ठरवलं आहे. त्यातला जानेवारी तिथेच काढायचा, हीसुद्धा तिचीच अट.

आता ती गोष्ट.

कागदपत्रं जमवायला घेतली तेव्हा तिच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाच्या रकान्यात माझं माहेरचं नाव निघालं. पासपोर्टावर सासरचं. दुरुस्तीसाठी माझा लग्नाचा दाखला लागणार होता, आणि तो माझ्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये होता. तिने मागितला. मी म्हणाले, शोधते. पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितला. मी म्हणाले, सापडत नाही गं, बघते. असे अडीच महिने. फाइल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. रोज साडी काढताना ती हाताला लागत होती. याच दिवसांत मी ह्यांच्या रक्तदाबाचंही वाढवून बोलत होते. डॉक्टर म्हणाले होते, गोळी चालू ठेवा, बाकी ठीक आहे. मी लेकीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले जपायला हवं.

एके दिवशी ह्यांनीच विचारलं, "लग्नाचा दाखला निळ्या फाइलमध्ये असतो ना?" लेक तिथेच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला फार लागलं. त्या रात्री मी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. तुझ्या लग्नाची मला तेवढी काळजी नाही. पैशाचीही नाही. मला भीती वाटते ती रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखेल आणि या घरात मी एकटी असेन, याची. एवढंच सांगायला मला वर्ष लागलं.

ती रडली नाही, मी रडले. मग तिने वही काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी बसून लिहिलं: रात्री कुणाला फोन करायचा, मजल्यावरच्या कुणाकडे चावी ठेवायची, कुठल्या रुग्णालयात न्यायचं, रिक्षा मिळाली नाही तर कुणाची गाडी, मेडिक्लेमचं कार्ड कुठे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन फ्रिजवर चिकटवली. बँकेत वारसाची नावं तपासली, तिच्या नावे असलेल्या गुंतवणुकीसाठी मुखत्यारपत्र केलं, आणि आम्ही दोघांनी मृत्युपत्रही करून टाकलं, जे दहा वर्षं करू-करू म्हणत होतो. तिला तिथे काही झालं तर भारतीय उच्चायुक्तालयाचा आपत्कालीन क्रमांक माझ्याकडे, परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार कशी टाकायची ते ह्यांना दाखवलेलं. भीती संपली असं नाही. पण आता तिला नाव आहे, पत्ता आहे, आणि तिच्यासाठी काय करायचं ते वहीत आहे. आपण ती वेगवेगळ्या सबबींत गुंडाळून मुलांच्या गळ्यात घालतो, तेव्हा मुलांना तिचं काहीच करता येत नाही.

एका बाबतीत मात्र तुम्ही घाबरा, आणि अगदी उघड घाबरा. परदेशातलं कुणी घरबसल्या कामाऐवजी "इकडे येऊन काम करा, तिकीट आम्ही काढतो" म्हणालं, कंपनीचा धड पत्ता नसेल, आणि तिकीट थायलंडचं असेल, तर मुलाचा पासपोर्ट हातात घेऊन बसा. थायलंडला म्हणून नेऊन म्यानमारच्या सीमेपलीकडे कोंडलेली आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली पाचशेहून अधिक भारतीय माणसं मार्च २०२५ मध्ये सरकारने हवाई दलाच्या विमानांनी परत आणली. त्यांतही बरीच मुलं संगणक जाणणारी, आपल्या मुलांसारखीच होती. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. आपलं मूल स्वतःचं काम स्वतः बरोबर घेऊन जातंय, की कुणीतरी काम दाखवून त्याला नेतंय, हा फरक ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही.

लग्नाचं विचारणारे अजून विचारतात. मी सांगते, ती डिझाइनचं स्वतःचं काम करते, आयकर भरते, आणि वर्षभर मॉरिशसला राहणार आहे. वाक्य एकच आहे, पण ते म्हणायला मला सोपं वाटू लागलं आहे.

जन्मदाखला दुरुस्त होऊन आला. निळी फाइल आता तिच्याकडे असते.

तुमच्या कपाटातही अशी एक फाइल असेल. मुलाचं जायचं ठरलेलं असो वा नसो, या आठवड्यात ती खाली काढा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आईचं नाव एकसारखं आहे का ते बघा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच करा, वेळ लागतो. आणि ती फाइल मुलाच्या हातात देताना, तुम्हाला खरोखर कशाची भीती वाटते तेही त्याला सांगा.